मोहरीएवढें फूल

घाटमाथ्यावरच्या आमच्या एका लहान मंडळीच्या अंगणांत जांभळाचें जुनें झाड आहे. उपासनामंदिर बांधण्यापूर्वीं तें तेथें होतें, आणि त्याच्या फांद्या कौलांवर टेकूं लागल्यापासून दर वर्षीं पंचमंडळींत त्याचा विषय निघतो. गेल्या भाद्रपदांत पाऊस ओसरूं लागला तेव्हां तो पुन्हां निघाला. खोडावर शेवाळ, नेचे आणि हिरव्या पंख्यांसारखे कसले तरी लहान लहान झुबके माजले होते. "झाडाला बांडगूळ लागलें आहे, आतांच काढलें नाहीं तर झाड वाळून मंदिरावर पडेल," असें एका वडील पंचांनीं सांगितलें. आम्हीं मान डोलाविली. दोन तरुण कोयते घेऊन वर चढले व दुपारपर्यंत त्यांनीं खोड आणि मोठ्या फांद्या खरवडून स्वच्छ केल्या. तीन घमेलीं भरून निघालेला कचरा मागच्या भिंतीपाशीं टाकण्यांत आला. इतकेंच नव्हे, तर पुढल्या रविवारच्या उपदेशांत आम्हीं त्या बांडगुळाचा दृष्टांतहि दिला. दुसऱ्याच्या रसावर जगणारा, स्वतः कांहीं न करितां हिरवागार दिसणारा मनुष्य कसा असतो, हें आम्हीं बऱ्याच जोरानें सांगितलें, आणि उपासना सुटल्यावर पुष्कळांनीं उपदेश आवडल्याचें कळविलें. हें सर्व प्रथमच कबूल केलेलें बरें. कारण पुढील विचार करावयास आम्हांस त्या चुकीनेंच लाविलें.

आठ-दहा दिवसांनीं तालुक्याच्या शाळेंतील एक शिक्षक कांहीं कामानिमित्त आमच्याकडे आले. ते सुटीच्या दिवशीं रानांत हिंडणारे गृहस्थ आहेत. जेवणापूर्वीं हात धुवावयास मागें गेले ते बराच वेळ परतले नाहींत, म्हणून आम्ही पाहावयास गेलों. तों ते कचऱ्याच्या ढिगापाशीं उकिडवे बसलेले. हातांत एक हिरवा झुबका होता. "हें कोणीं काढलें?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं उत्साहानें सगळी हकीकत सांगितली. त्यावर ते कांहींच बोलले नाहींत. थोड्या वेळानें म्हणाले, "पाळकसाहेब, आपल्याकडे भिंग आहे काय?"

भिंग होतें. बारीक टाइपांतील नवा करार वाचण्यासाठीं आम्हीं तें कित्येक वर्षांपूर्वीं घेतलें असून तें टेबलाच्या खणांत असतें.

झुबका तळहातावर मावेल एवढा होता. पानें बोटाच्या दोन पेरांहून लांब नव्हतीं. जाड, रसाळ आणि बाजूंनीं चपटीं, जणूं प्रत्येक पान कोणीं मधोमध मिटून शिवून टाकलें आहे. खालचें पान वरच्या पानाला आपल्या कुशींत धरतें, त्यामुळें सगळें रोपटें अर्धवट मिटलेल्या हातपंख्यासारखें दिसतें. पंख्यांतून एक तुरा निघून खालीं वळला होता. लांबून पाहतां उंदराच्या पिलाची शेंपटी म्हणावी असा. त्यावर पिवळसर तपकिरी ठिपके दाटले होते. ही बुरशी असावी असें आम्हांस वाटलें, व तसें आम्ही बोललोंहि. शिक्षकांनीं भिंग धरलें आणि आम्हांस वांकावयास सांगितलें.

प्रत्येक ठिपका एक संपूर्ण फूल होतें. मोहरीच्या दाण्याएवढें, म्हणजे सुमारें दोन मिलीमीटर. बाहेर तीन दलें, आंत तीन. आंतल्या तिहींपैकीं एक इतरांहून निराळें, त्याला शास्त्रांत ओंठ म्हणतात. मध्यें पुंकेसर व स्त्रीकेसर एकजीव होऊन झालेला आंखूड स्तंभ, आणि त्याच्या माथ्यावर टोपीखालीं मेणासारख्या परागाचे चार गोळे. हे गोळे मात्र आमच्या भिंगांतून दिसेनात. ते शिक्षकांनीं तोंडानें सांगितले. सीतेची वेणी म्हणून जो वीतभर लोंबणारा गुलाबी-पांढरा घोंस घाटांतल्या लोकांच्या परिचयाचा आहे, त्यांतील फुलाची जी बांधणी तीच याची. कारागीर लहान वस्तु घडवितांना पाठीमागच्या बाजूला थोडें काम चोरतो. येथें पाठीमागची बाजूहि आम्हीं फिरवून पाहिली. काम चोरलेलें नव्हतें.

शास्त्रांत या वनस्पतीस ओबेरोनिया असें नांव आहे. जॉन लिंडली या इंग्रज पंडितानें तें १८३० सालीं ठेविलें. ओबेरॉन हा युरोपांतील जुन्या कथांतला पऱ्यांचा राजा होय. आमच्या जांभळावरची जात ओबेरोनिया रिकर्व्हा, म्हणजे मागें वळलेली. सह्याद्रीच्या माथ्यावर ती दुर्मिळ नाहीं. जगांत ज्यास ऑर्किड म्हणतात व मराठींत ज्यास आमरी म्हणूं लागले आहेत, त्या मोठ्या कुळांतील ही एक चिमुकली व्यक्ति. तिला पाहणारे पूर्वींहि होऊन गेले. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ सालीं निघाला; थिओडोर कुक यांचा त्याहून मोठा ग्रंथ १९०१ पासून १९०८ पर्यंत खंडशः प्रसिद्ध झाला; आणि १९६६ सालीं मुंबई इलाख्यांतील ऑर्किडांवरच एक स्वतंत्र पुस्तक आलें, तें फादर सांतापाव व कपाडिया यांचें. सांतापाव हे स्पेनांतून आलेले जेसुइट संन्यासी, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवीत. ते आमच्या पंथाचे नव्हते. पण झाडाखालीं उभें राहून वर पाहण्याचें जें काम त्यांनीं केलें, तें आमच्या पंथांतील एका पाळकानें वर्षानुवर्षें त्याच झाडाखालून ये-जा करूनहि केलें नव्हतें.

आतां बांडगुळाविषयीं. खरें बांडगूळ आपले शोषक फांदीच्या लाकडांत घुसवितें, आणि झाडाचें पाणी व क्षार ओढून घेतें. आमरीचीं मुळें सालीवर नुसतीं पसरतात. त्यांच्यावर स्पंजासारखें पांढरट आवरण असतें. पाऊस पडला किंवा धुकें उतरलें कीं तें पाणी टिपून घेतें, आणि भिजलें म्हणजे आंतला हिरवेपणा बाहेर दिसूं लागतो. क्षार मिळतात ते पावसाबरोबर ओघळणाऱ्या धुळींतून व सालीच्या खांचांत कुजलेल्या पाल्यांतून. अन्न तर तें रोपटें आपल्या हिरव्या पानांनीं स्वतःच तयार करितें. झाडाकडून तें घेतें तें एवढेंच, उजेडाच्या जवळ बसावयास जागा. आपल्या पूर्वजांचाहि येथें घोटाळा झालेला दिसतो. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीस संस्कृतांत सरसकट वंदा म्हणत, आणि त्याच शब्दावरून व्हँडा हें एका देखण्या आमरीचें शास्त्रीय नांव आलें आहे. तेव्हां चूक जुनी खरी. परंतु ती व्यासपीठावरून ठासून सांगणें हें आमचें स्वतःचें. ज्यानें कधीं कोणाचा थेंब चोरला नाहीं, त्याच्यावर आम्हीं सगळ्या मंडळीसमोर चोरीचा आळ घेतला. (खऱ्या बांडगुळाविषयींहि आतां आम्ही जपून बोलतों. त्याच्या फळांवर फुलटोचे नांवाचे चिमुकले पक्षी जगतात, व तेच त्याचें बीज झाडोझाडीं नेतात.)

आणि हें रोपटें तेथें बसलें कसें? आमरीचें बीज धुळीसारखें असतें. ज्वारीच्या दाण्यांत अंकुरासाठीं जशी शिदोरी बांधलेली असते तशी त्यांत नसते. वाऱ्यानें उडून तें सालीवर पडावें, आणि तेथें योग्य जातीची सूक्ष्म बुरशी असावी, तरच तें रुजतें. आरंभींचें अन्न त्याला ती बुरशी पुरविते. नोएल बर्नार या पंचविशींतल्या फ्रेंच तरुणानें ही गोष्ट १८९९ सालीं शोधून काढिली. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत लुइस नडसन यांनीं साखर व क्षार मिसळलेल्या अगरवर बुरशीशिवायच तें बीज रुजवून दाखविलें, आणि बाजारांत दिसणाऱ्या ऑर्किडांचा मोठा उद्योग त्यामुळें शक्य झाला. रानांत मात्र साखर घालणारा कोणी नाहीं. एका बोंडांतून हजारों कण उडतात, त्यांतले बहुतेक सर्व वायां जातात, आणि एखादा रुजलाच तर त्याला फुलावयास कित्येक वर्षें लागतात. आमच्या तीन घमेल्यांत अशीं किती वर्षें भरलीं होतीं, हें शिक्षकांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

एवढें होईपर्यंत मंदिराची झाडलोट करणारी वृद्ध भगिनी खराटा भिंतीला टेकवून जवळ येऊन उभी राहिली होती. तिला सगळा गांव मावशी म्हणतो, आम्हीहि म्हणतों. एका डोळ्यांत मोतीबिंदु आहे, म्हणून तिनें दुसऱ्या डोळ्याशीं भिंग धरलें आणि इतका वेळ पाहिलें कीं शिक्षकांचा हात अवघडला. मग ती म्हणाली, "पाळकसायेब, येवढं बारीक काम! ह्ये कुनासाठी वो?"

आम्हीं पाळकाला शोभेल असें उत्तर दिलें. "मावशी, देवाच्या गौरवासाठीं."

तिनें थोडा विचार केला. "देवाला भिंग लागत न्हाई, त्ये खरं. पर मग आज आमाला कशापाई दावलं?"

त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिच्या बोलण्यांत दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हेंहि पुढें सावकाश लक्षांत आलें. पहिला प्रश्न जुना आहे व त्यावर ज्ञात्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. दुसरा आम्हीं कोठें वाचलेला नाहीं.

पहिल्याविषयीं आपल्यांतील पुष्कळांची समजूत अशी असते कीं, सृष्टींत जें सुंदर आहे तें मनुष्याच्या आनंदासाठीं आहे. गुलाबाविषयीं व आंब्याच्या मोहराविषयीं असें म्हणतां येईल. पण हें फूल घ्या. भिंग मनुष्याच्या हातीं येण्यापूर्वीं त्याचें रूप कोणाहि माणसाच्या दृष्टीस पडणें शक्य नव्हतें; जें दिसे तो ठिपका. त्याच्याहि मागें जाऊं. २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रदेशांत सांपडलेल्या राळेच्या एका खड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या राळेंत एक मधमाशी अडकून राहिली आहे, आणि तिच्या पाठीवर आमरीच्या परागाचे गोळे चिकटलेले आहेत. खडा दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वींचा. मनुष्यजात पृथ्वीवर आली ती तीन-एक लाख वर्षांपूर्वीं. हे आंकडे पाहून आमचे कांहीं वाचक दचकतील. त्यांनीं आंकडे सोडून द्यावे आणि एवढेंच घ्यावें कीं, आमरी फुलत होती, माशी येत होती, आणि पाहणारे आपण नव्हतों. सगळी जत्रा आपल्यासाठीं भरली आहे असें समजणारें मूल उशिरा येऊनहि मध्यभागीं उभें राहतें, तशी आपली गत आहे.

मग फूल कीटकासाठीं आहे काय? या बाजूनें सर्वांत मोठें काम डार्विन यांनीं १८६२ सालच्या आपल्या ऑर्किडांवरील ग्रंथांत केलें. फुलाचा प्रत्येक अवयव, त्याचा कांठ, त्याची खांच, कीटकाच्या ये-जा करण्याशीं कसा जुळलेला आहे हें त्यांनीं दाखविलें. मादागास्कर बेटांतील एका आमरीच्या फुलाला सुमारें फूटभर लांब अशी मधाची नळी असते. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथें असलाच पाहिजे, असें त्यांनीं लिहून ठेविलें. लोक हंसले. १९०३ सालीं तशा पतंगाचें वर्णन प्रसिद्ध झालें. आमच्या ओबेरोनियाच्या एका जपानी भाऊबंदावर रात्रीं चिलटांसारख्या बारीक माश्या येतात असें आढळलें आहे. हें शिक्षकांनीं सांगितलें तेव्हां खरें सांगावयाचें तर आमचा विरस झाला. एवढें देखणें काम, आणि तें चिलटांसाठीं! पण विरस कां झाला हें आम्हीं स्वतःला विचारलें, तेव्हां कारण फारसें भूषणावह निघालें नाहीं. पाहुणा मोठा असला तरच मांडलेलें ताट सार्थकीं लागतें, असें आमच्या मनांत कोठें तरी बसलेलें आहे. गांवजेवणाच्या पंगतींत आपण ज्यांस शेवटीं बसवितों, त्यांच्याविषयींचा हाच आमचा हिशोब असावा.

तरीहि कीटकानें प्रश्न पुरा सुटत नाहीं. माशी येते ती वासाला किंवा थेंबभर रसाला. आम्हीं भिंगांतून जी जुळणी पाहिली, सहा दलांचा तो तोल, तो माशीला दिसत असेल असें म्हणवत नाहीं. आणि ज्या वर्षीं माशी आलीच नाहीं, त्या वर्षींचें फूल काय? तें उमलतें, दिवस भरतात, गळून पडतें. उपयोग हेंच त्याचें मोल मानलें, तर त्या वर्षींच्या फुलांचें मोल शून्य ठरेल. त्यांच्या दलांत मात्र एकहि कमी नसतें.

राहिलें तें आमचें उत्तर, देवाच्या गौरवासाठीं. तें आम्ही आजहि मागें घेत नाहीं. परंतु उत्तर खरें असून आळशी असूं शकतें. आम्हीं तें प्रश्न मिटविण्यासाठीं वापरलें, जसें दाराशीं आलेल्या माणसाला "उद्यां ये" म्हणावें. गालिलांतील डोंगरावरच्या प्रवचनांत रानांतल्या भूकमळांचा दाखला आहे हें प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. तेथें फुलें पाहावयास सांगितलें आहे, आणि तीं शेतावर जाणाऱ्या बायामाणसांना सहज दिसणारीं आहेत. त्यांवरून आपण आपल्या काळजीपुरता धडा घेतों व पुढें जातों. पाहावयाचें बहुधा राहूनच जातें. आम्हां पाळकांस तर प्रत्येक वस्तूचा दृष्टांत करण्याची खोड आहे. झाडावरचें तें हिरवें आम्हीं पाहिलेंच नव्हतें. आम्हांस रविवारसाठीं दृष्टांत हवा होता, आणि बांडगुळाचा दृष्टांत तयार होता. ज्या वस्तूवरून आपणांस कांहींच शिकावयाचें नाहीं, जी आपल्या कामाची नाहीं, शोभेची नाहीं, उपदेशाचीहि नाहीं, ती असूं द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न खरा पाहतां आमच्या अंगणांत उभा होता. असूं द्यावी, असें आतां आम्हांस वाटतें. तिचें असणें बरें आहे यासाठीं आमच्या पाहण्याची साक्ष लागत नाहीं. आम्हीं भिंग धरलें त्या क्षणीं फुलांत कांहीं वाढलें नाहीं, व ढिगावर पडलें तेव्हांहि त्याच्या मोलांत कांहीं घटलें नाहीं. घटलें तें झाडावरून, आणि घटविणारे आम्ही.

येथें मावशीचा दुसरा प्रश्न येतो. ज्याला आमच्या पाहण्याची गरज नाहीं, तें आम्हांस कां दाखविण्यांत आलें? आमचें उत्तर असें कीं, पाहिल्यानें फुलावर उपकार होत नाहीं, पाहणाऱ्यावर देणें बसतें. कोयता चालविणाऱ्या तरुणांकडे आम्हीं दोष पाहिला नाहीं. त्यांना सांगितलें तें त्यांनीं केलें. वडील पंचहि आपल्या समजुतीप्रमाणें झाडाचें भलेंच पाहत होते. आमचें तसें नाहीं. ज्याच्या घरीं भिंग नाहीं त्याचें अज्ञान एक, आणि ज्याच्या खणांत तें पडून आहे त्याचें दुसरें. आम्हीं त्या भिंगानें वर्षानुवर्षें बारीक अक्षर मोठें करून वाचलें. दहा पावलांवरच्या झाडाला तें लावावें हें कधीं मनांत आलें नाहीं. ठाऊक नव्हतें, एवढें म्हणून आम्हांस सुटतां येईल असें वाटत नाहीं.

पण पाहण्याची दुसरीहि बाजू आहे, व ती विसरून चालणार नाहीं. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत इंग्लंडांतील श्रीमंत लोकांस ऑर्किडांचें वेड लागलें होतें. त्यांच्यासाठीं रानें धुंडाळणारे लोक दूरदूरच्या देशांत जात. अल्बर्ट मिलिकन नांवाच्या अशाच एका शोधकानें १८९१ सालच्या आपल्या पुस्तकांत कोलंबिया देशांतील हकीकत लिहिली आहे. सुमारें दहा हजार रोपें मिळविण्यासाठीं त्याच्या माणसांनीं सुमारें चार हजार झाडें तोडलीं. त्या लोकांनीं फुलें पाहिलीं नव्हतीं असें कोण म्हणेल? त्यांनीं तीं फार पाहिलीं. आज रानांतील ऑर्किडांच्या व्यापारावर राष्ट्राराष्ट्रांतील करारानें निर्बंध आहेत. तो करार १९७५ सालीं अमलांत आला व पुढल्या वर्षीं भारत त्यांत सामील झाला. आमच्या ओबेरोनियासाठीं कोणीं जहाज पाठविलें नाहीं. मोहरीएवढ्या फुलाला कोण किंमत देणार? लहानपणानेंच तिला वांचविलें, आणि शेवटीं लहानपणामुळेंच ती आमच्या कोयत्याखालीं आली.

शिक्षक येऊन गेल्याची बातमी गांवांत पसरली, तेव्हां चार दिवसांत तिघेजण झाड पाहावयास आले. एकानें घरच्या कुंडीसाठीं रोप मागितलें. मंडळींतील एका मुलानें मोबाइलवर फुलाचें छायाचित्र घेण्याचा पुष्कळ खटाटोप केला. प्रत्येक वेळीं साल स्पष्ट आली आणि फूल अंधुक. मग तुरा जवळ ओढून घेण्यासाठीं तो फांदी वांकवूं लागला. आम्हीं त्याला खालीं उतरविलें. या लेखांत गांवाचें नांव दिलें नाहीं याचें कारणहि तेंच. जें पाहिल्यानें देणें बसतें तें लपवावें, हें विचित्र खरें. पण ऋणको होण्यापूर्वीं लुटारू होणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत आपण नाहीं अशी खात्री आम्हांस स्वतःविषयींहि देतां येत नाहीं.

येथवर लिहून आम्ही थांबणार होतों. परंतु हस्तलिखित आमच्या घरांतून वाचून झाल्यावर घरच्या माणसांनीं विचारलें, "आणि मावशी?" आम्हीं म्हटलें, मावशीचा प्रश्न तर दिला आहे. "प्रश्न नव्हे, मावशी."

ही गोष्ट लिहावी कीं नाहीं याचा दोन दिवस विचार केला. मावशी मंदिर झाडते, पाणी भरते, उपासनेपूर्वीं दिवे लावते, सतरंज्या घालते व काढते. तिच्याविषयीं आम्हीं व्यासपीठावरून एकदां नव्हे तर दोनदां बोललों आहों. नांव न घेतां, गुप्त सेवा कशी श्रेष्ठ असते, कोणीं न पाहिलेलें काम देव कसें पाहतो, अशा अर्थानें. दोन्ही वेळां ती मागच्या ओळींत बसली होती. मंडळीचें जमाखर्चाचें पुस्तक आमच्याच टेबलावर असतें. या वेळीं तें उघडून पाहिलें. नऊ वर्षांत तिच्या महिन्याच्या रकमेंत एका पैशाचाहि फरक झालेला नाहीं. कोणीं नको म्हटलें असें नाहीं. विषयच निघाला नाहीं. जांभळाचा विषय दर वर्षीं निघतो, कारण फांदी कौलाला लागते.

न पाहिलेल्या फुलाविषयीं जें म्हटलें तें जसेंच्या तसें मावशीस लावणें हा अन्याय होईल, म्हणून येथें स्पष्ट करितों. फुलाला आपण पाहिलें काय, न पाहिलें काय, सारखेंच. धुकें आणि पाऊस त्याला पुरतात. माणसाला पुरत नाहींत. त्याला पीठ लागतें, डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं जावयास गाडीभाडें लागतें, आणि केलेलें काम कोणाच्या तरी ध्यानांत आहे हें कळावें लागतें. गुप्त सेवेची स्तुति आम्हांस सोपी गेली, कारण ती फुकट होती. झाडावरच्या निरपराध्यावर आम्हीं चोरीचा आळ घेतला होता. पण दुसऱ्याच्या श्रमांवर हिरवें राहण्याविषयीं त्या रविवारीं जें जें बोललों, तें कोणास लागू होतें याचा विचार आतां टळत नाहीं.

शिक्षकांनीं ढिगांतून जिवंत वाटले ते सात झुबके वेंचून काढिले, आणि काथ्याच्या दोरीनें जांभळाच्या उत्तरेकडील फांदीला सैल बांधून दिले. खत नको, माती नको, हात नको, असें त्यांनीं बजावलें. पाळीपाळीनें पाणी शिंपडण्याचें काम कोयतेवाल्या त्या दोघां तरुणांनींच मागून घेतलें आहे. चार झुबके वाळले. दोन अद्याप नुसते हिरवे आहेत. सातव्याच्या एका मुळाचें टोंक पांढऱ्या आवरणांतून बाहेर येऊन सालीला टेकलें आहे, असें मावशीनें परवां भिंग लावून पाहिलें व आम्हांस बोलावून दाखविलें. भिंग आतां खणांत नसतें. मंदिराच्या दाराआड खिळ्याला टांगलेलें असतें.

गेल्या महिन्याच्या पंचसभेंत दोन विषय होते, कौलांवरच्या फांद्या आणि मावशीचें वेतन. फांद्यांवर पाऊण तास बोलणें झालें व छाटणी पुढल्या वर्षावर गेली. तोंपर्यंत अंधार पडला होता. दिवे लावावयास मावशी आंत आली, आणि सभा उठली. पुढील सभा या महिन्याच्या शेवटल्या शनिवारीं आहे. विषयांचा क्रम आम्हीं बदलून ठेविला आहे.